एक धडक, एक कात्री

मावशीच्या वर्कशॉपात पाऊल टाकलं की आधी समोरची भिंत दिसायची. भिंतीवर खिळ्यांची रांग, एक खिळा सोडून प्रत्येकाला हातभर लांबीचा कापलेला पट्टा आणि त्यावर खडूने लिहिलेला गाडीचा नंबर. असे सदतीस होते. नव्या माणसाला वाटायचं, बाईने विकायला नमुने टांगलेत. तो हौसेने निळा रंग दाखवा म्हणायचा, आणि मावशी मशीनवरून मान वर न करता सांगायची, की बाबा रे, ह्यातलं काही विकाऊ नाही, ही सगळी धडकलेल्या गाड्यांमधली मेलेली मंडळी आहेत. मग तो माणूस जरा लांब उभा राहायचा.

बाई मुळात सीटकव्हर शिवणारी. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगा, आणि हातात जाड सुईचं मशीन. शर्यतीची हौस असलेली पोरं तिच्याकडे आली ती गाद्या शिवायला, आणि पट्ट्यांसाठी टिकून राहिली. पोरं म्हणायचं आपलं. कोणी औषधाचा दुकानदार, कोणी शाळामास्तर, पोटं सुटलेली. आठवडाभर जी गाडी मुलांना शाळेत सोडते, तीच एखाद्या रविवारी घाटरस्त्यावर घड्याळ लावून पळवायची. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हाडांना असतं ना! म्हणून माणसाला सीटला जखडून ठेवणारा सहा पट्ट्यांचा जोड लागायचा. दोन खांद्यांवरून, दोन कमरेला, दोन मांड्यांमधून, आणि सगळे पोटाशी एका गोल कुलपात अडकणारे.

‘त्यात काय, बोल्ट तर पिळायचा’ असं म्हणणाऱ्याची ती अशी हजेरी घ्यायची की तो पुन्हा तोंड उघडत नसे. खांद्याचे पट्टे मागे जवळजवळ सरळ जायला हवेत. खाली जमिनीला बांधले, तर धडकेत तेच कणा दाबून मोडतात. कमरेचा पट्टा हाडावर हवा, पोटावर नको. पत्र्याच्या खाली जाड पोलादी तुकडा हवाच हवा, नाहीतर बोल्ट पत्र्यासकट उपटून येतो. हे सगळं झालं की गाडीवाल्याला बसवायचं, श्वास सोडायला लावायचा, पट्टे आवळायचे, आणि शेवटी प्रत्येक बोल्टवर, प्रत्येक शिवणीच्या टोकाला पांढऱ्या रंगाचा एक ठिपका. ती तिची सही. शर्यतीआधी गाड्या तपासणारा तपासनीस महाखडूस माणूस, भल्याभल्यांना दारातून परत पाठवायचा. पण पांढरा ठिपका दिसला की तो मुकाट्याने पुढच्या गाडीकडे वळायचा.

आणि तिचा नियम एकच होता. एक धडक, एक कात्री. पट्टा धडकेत ताणला जातो आणि त्या ताणण्यातच माणूस वाचतो. नंतर तो दिसतो नव्यासारखा, पण त्याच्यात काही उरलेलं नसतं. म्हणून धडकलेल्या गाडीचे पट्टे ती मालकाच्या देखत कापायची. एका दातांच्या डॉक्टरने हात जोडले, मावशी, एवढीशी तर ठोकर होती! तिने आधी पट्टे कापले आणि मग त्याला चहा पाजला.

सगळ्यांचे कापले. एक जोड सोडून.

चार वर्षांपूर्वी तिच्या मुलाची गाडी कठडा तोडून झाडावर आदळली. इंजिन पार पायांपर्यंत आलं होतं. आणि हा पठ्ठ्या स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला. मानेवर पट्ट्याचा एक वळ, बाकी काही नाही. त्या संध्याकाळी ते काळे पट्टे मांडीवर घेऊन मावशी कात्रीपाशी बसली, आणि तिचा हात काही चालेना. ज्यांनी पोटचा गोळा परत आणून दिला, त्यांच्यावर कात्री धरायची कशी? तिने ते धुतले, जुन्या चादरीत गुंडाळले आणि घरच्या कपाटात तळाशी ठेवले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय! भिंतीवर त्यांच्यासाठी खिळा मात्र ठोकलेला होता. तो रिकामाच राहिला.

मुलाने तेव्हा आईला आणि बायकोला शब्द दिला होता की पुन्हा शर्यतीचं नाव काढणार नाही. चार वर्षं पाळलाही. ह्या वर्षी जेवता जेवता म्हणाला, एकदाच. मावशीने तीन आठवडे त्याच्याशी बोलणं टाकलं. पण मग दिसलं की हा कुठल्यातरी उपटसुंभाकडून पट्टे बसवून घेईल, आणि ते तर आणखी वाईट. सोनारानेच कान टोचलेले बरे, असं म्हणून तिने गाडी आत घ्यायला सांगितली.

मागची बाळखुर्ची काढली, खांद्याचे पट्टे बांधायला आडवा दांडा बसवला. पट्टे मुलगा घेऊन आला होता, खांद्यांवर नवीकोरी जाड पॅड चढवून. ती धुसफुसत काम करत होती. रागाने त्याच्याकडे बघायचंही नाही, असं तिने ठरवलेलं. डाव्या खांद्याचा पट्टा ओढताना पॅडच्या कडेला तिच्या अंगठ्याला काहीतरी खरखरीत लागलं. तिने विचारलं, पट्ट्यांची मुदत संपायची तारीख बघितलीस का? तो म्हणाला, बघितली. त्याच वेळी त्याने मान वळवली, त्या जुन्या वळाचा व्रण दिसला, आणि तिचे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनी तिने बोल्टांवर ठिपके दिले. शिवणीवर द्यायला पॅड सरकवावं लागलं असतं. ते राहून गेलं. आयुष्यात पहिल्यांदा राहिलं, आणि तेही कुणाच्या गाडीत, बघा!

रविवारी सकाळी मुलगा लवकर निघून गेला. मावशी घरीच राहिली; तिला ते बघवत नसे. सून पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याजवळ येऊन बसली. बिचारीचा चेहरा उतरलेला होता, पण आवाज शांत होता.

“आई, मी नको नको म्हणत होते. पण तुम्ही तेच पट्टे लावून दिलेत, मग जरा धीर आला बघा.”

मावशीला आधी कळलंच नाही. तेच म्हणजे कुठले?

“त्या वेळचे. कपाटातले. हे म्हणाले, आईसुद्धा त्यांना मानते, नाहीतर एवढे जपून ठेवले असते का?”

मावशी उठली. कपाटाच्या तळाशी चादर होती, नीट घडी घालून ठेवलेली. आत काहीच नव्हतं. अंगठ्याला काय लागलं होतं ते आता तिला पक्कं कळलं. तिने शिवणाच्या पेटीतली मोठी कात्री घेतली आणि सुनेला म्हणाली, स्कूटर काढ.

वाटेत थांबून सुनेने नवऱ्याला फोन लावून पाहिला. त्याचा फोन डिकीत कुठेतरी वाजत असणार. मग तपासनिसाला लावला, तोही घेईना. मागे बसून मावशी एकच हिशोब करत होती. नववा नंबर, दर दोन मिनिटांनी एक गाडी. घाटाच्या पायथ्याशी पोचल्या तेव्हा वरून इंजिनाचा आवाज घुमत होता, आणि तो कुणाचा ते कळायला मार्ग नव्हता. स्कूटर थांबायच्या आत मावशी उतरली आणि धावली. साठीची बाई, हातात कात्री. लोकांनी आपसूक वाट दिली.

त्याच्यापुढे एकच गाडी उरली होती. तो हेल्मेट घालून, पट्टे आवळून बसला होता. तपासनीस धावत आला, काय झालं मावशी? तिने खिडकीतून हात घातला आणि डाव्या खांद्यावरचं पॅड मागे ओढलं. खाली तिचा चार वर्षांपूर्वीचा ठिपका होता, पिवळा पडलेला, आणि त्याच्या शेजारी शिवणीचे चार टाके तुटलेले. तपासनिसाने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“मावशी, तुमचे ठिपके होते,” तो म्हणाला. “मी पट्ट्याला हातसुद्धा लावला नाही.”

तिने कात्री चालवली. खांद्याचे दोन्ही, मग कमरेचे. मुलगा ओरडला. मग हेल्मेट काढून तो मांडीवर पडलेल्या तुकड्यांकडे बघत राहिला.

“ह्यांनीच मला वाचवलं होतं, आई. तूच तर जपून ठेवले होतेस.”

रागवायला आली होती, आणि राग कुणावर काढायचा तेच उरलं नाही.

“माझं चुकलं,” ती म्हणाली. “त्याच दिवशी कापायला हवे होते.”

मग ती तपासनिसाकडे वळली आणि चार लोकांच्या देखत म्हणाली की रांगेत माझ्या हातच्या जेवढ्या गाड्या आहेत, तेवढ्या पुन्हा उघडा, पॅडखाली बघा, आणि ह्यापुढे माझ्या ठिपक्यावर कुणाला सोडू नका. तीस वर्षांचं नाव होतं ते. शर्यत तासभर थांबली. बाकीच्या अकरा गाड्यांत काही निघालं नाही, पण त्या तासात मावशी एका दगडावर बसून होती आणि तिच्याशी कुणी फारसं बोललं नाही.

दुपारी वर्कशॉपात येऊन तिने डाव्या खांद्याचा तुकडा रिकाम्या खिळ्याला टांगला, त्यावर मुलाच्या गाडीचा नंबर खडूने लिहिला. मुलगा दारात उभा होता. मग हळूच म्हणाला की पुढच्या महिन्यात परत शर्यत आहे.

मावशीने खडू खाली ठेवला. नको म्हणून काय होणार, ते तिला माहीत होतं. तिने टेप घेतली, त्याला गाडीत बसायला सांगितलं आणि त्याच्या खांद्यापासून मागच्या दांड्यापर्यंतचं अंतर मोजलं. एकदा मोजलं, मग पुन्हा मोजलं.

“नवे आणलेस की खोका फोडू नकोस,” ती म्हणाली. “मी फोडीन.”