इन्चार्जबाईंचा युरोप

११ जून, बुधवार. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर व्हिसाचे कागद लावत बसले आहे. उद्या सकाळी साडेआठची वेळ मिळाली आहे. पासपोर्ट, सिव्हिल आयडीची प्रत, पगाराचा दाखला, बँकेचं पत्रक, विमा, हॉटेलचं बुकिंग, पांढऱ्या भिंतीपुढे काढलेला फोटो. हा क्रम इन्चार्जबाईंचा. "कागद असे लावायचे, की काचेपलीकडच्या माणसाला प्रश्न विचारायची लाज वाटली पाहिजे," असं त्या म्हणायच्या. सहा उन्हाळे मी या टेबलावर दोन फायली लावल्या. या वेळी एकच आहे, आणि तीसुद्धा उद्या नेईन की नाही, माझं नक्की ठरत नाही.

इन्चार्जबाई शहरांना पेशंटसारखं बघायच्या. एकतीस वर्षं त्या कुवेतच्या एका सरकारी हॉस्पिटलात नर्स होत्या, त्यातली शेवटची बारा वर्षं पुरुषांच्या वॉर्डच्या इन्चार्ज. ड्युटी बदलताना जाणारी नर्स येणारीला प्रत्येक खाटेपाशी उभी राहून पेशंटची हकिकत सांगते, त्याला त्या लोकांत ओव्हर देणं म्हणतात. बाई युरोपात रोज संध्याकाळी हॉटेलच्या पलंगावर पाय वर घेऊन बसायच्या आणि दिवसभर पाहिलेल्या शहराची ओव्हर द्यायच्या. ऐकणारी मी एकटी. तरी आवाज वॉर्डातला.

"व्हिएन्ना. वय बरंच, ठेवण उत्तम. खाणं गोडाकडे झुकलेलं. पाणी नळाचं, थंडगार, पोटाला मानवलं. झोप तुटक, शेजारचं घड्याळ दर पंधरा मिनिटांनी ठोके देतं. संडास स्वच्छ, पण कोरडा. स्वभाव अबोल, मदत मागितली तर करतो. काळजीचं कारण नाही."

खाणं, पाणी, झोप, संडास, स्वभाव. ही पाच कलमं झाल्याशिवाय शहर संपायचं नाही. सगळं एका निळ्या वहीत लिहिलेलं असायचं. एखादं कलम मी घाईने उडवलं, की त्या हात वर करायच्या. "अर्धी ओव्हर मी घेत नाही." वॉर्डात या वाक्याला नव्या मुली घाबरायच्या म्हणे. मला खात्री आहे.

कुवेतमधल्या रिग्गई भागात त्या आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. मी खैतानच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. माझा माणसांशी संबंध सुईपुरता, पुढचं सगळं काचपट्टीवर. जिन्यात दिसल्या तर हसायचं, गणपतीत आरतीला भेटायचं, एवढीच ओळख होती. एका एप्रिलमध्ये त्यांनी दार वाजवलं आणि उभ्या उभ्याच विचारलं, "तुला कंप्युटर येतो, मला माणसं येतात. युरोपला येतेस?"

त्यांची तोवरची प्रत्येक सुट्टी लांज्याला गेली होती. भावाच्या घराचा स्लॅब, भाच्यांची लग्नं, आईचं आजारपण. आई गेल्यावर त्यांनी जाहीर केलं, की यंदाची सुट्टी माझी. भाऊ फोनवर म्हणाला, "युरोपात तुझं आहे कोण?" बाई म्हणाल्या, "कोणी नाही, म्हणूनच चाललेय."

माझ्या नवऱ्याची सुट्टीची कल्पना म्हणजे साताऱ्याला आईच्या हातची भाकरी आणि दुपारी पंखा. त्याने मला आनंदाने सोडलं. कामाची वाटणी पहिल्या दिवशीच झाली. तिकिटं, बुकिंग, गाड्यांच्या वेळा माझ्याकडे. बघणं त्यांच्याकडे. ती वाटणी मला सोयीची होती, कारण मी कुठेही गेले तरी उरकते. चर्च झालं, पूल झाला, राजवाडा झाला, चला. त्या बसायच्या. "पहिला दिवस बघायचा नाही, बसायचा. शहर आपल्याला बघून घेतं त्या दिवशी."

कुवेतच्या माणसाला युरोपचं कौतुक कशाचं वाटतं, हे कुवेतच्याच माणसाला कळेल. आमच्याकडे जुलैत दारापासून गाडीपर्यंत चालायचं, तेही पळत. तिथे बाई दिवसाला सात-आठ किलोमीटर चालायच्या आणि संध्याकाळी पाय दाबत खुशीत असायच्या. उघडणारी खिडकी त्यांना फार आवडायची. खोलीत शिरल्या, की आधी खिडकी उघडून डोकं बाहेर. "फुकटची हवा गो, ना काँप्रेसर ना बिल." झेब्रा पट्ट्यांवर पाय ठेवताच मोटार थांबली, तर त्या ड्रायव्हरला मान झुकवून नमस्कार करायच्या. पहिल्या वर्षी एका ड्रायव्हरने दोन्ही हात जोडून परत केला.

खटकलेल्या गोष्टीही होत्याच. पैकी मोठी म्हणजे संडास. कुवेतमध्ये कुठल्याही संडासात पाण्याचा जेट असतो, सवय होऊन जाते. युरोपात नुसता कागद. बाईंच्या पर्समध्ये अर्ध्या लिटरची रिकामी बाटली कायम असायची, आणि ती एका विमानतळावर सुरक्षावाल्याने कचऱ्यात टाकायला घेतली, तेव्हा त्यांनी ती त्याच्या हातातून शांतपणे परत घेतली. "रिकामी आहे. औषधाची आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. पुढे गेल्यावर मी विचारलं, "औषधाची?" तर म्हणाल्या, "नसली की आजारी पडते ना मी?"

मग चहा. कोमट पाण्याचा कप आणि बशीत दोऱ्याला बांधलेली पुडी. "हे आपणच करायचं, तर त्याला हॉटेल कशाला म्हणतात?" नाश्त्याला गार चीज. बॅग ठेवली तर माणूस मावणार नाही आणि माणूस गेला तर बॅग मावणार नाही अशी लिफ्ट. वर्षभर फोटोत पाहिलेला मनोरा प्रत्यक्षात हिरव्या जाळीत गुंडाळलेला, आत दुरुस्ती. मला अशा वेळी राग यायचा. बाई वहीत लिहायच्या, "मनोरा: प्लास्टरमध्ये. पुन्हा तपासणीला यावे."

माझी सगळ्यात मोठी चूक तिसऱ्या वर्षीची. ऑस्ट्रियात तळ्याकाठच्या एका लहान गावात आम्ही शनिवारी दुपारी पोचलो. बाईंचा उजवा गुडघा सुजला होता. दूध, ब्रेड, फळं आणि गुडघ्याचं मलम घ्यायचं होतं. बाई म्हणाल्या, "आत्ताच घेऊ या का?" मी म्हटलं, "आज शनिवार, अर्धं गाव बंद असेल. उद्या रविवार, सगळं उघडतं. सकाळी जाऊन घेते."

कुवेतमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची. रविवारी सकाळी आमचा आठवडा सुरू होतो. अठरा वर्षं मी रविवारी लॅब उघडत होते. आठवड्याचे दिवस जगभर असेच चालतात, असं हाताला बसलं होतं.

सकाळी पाहिलं तर मलमाचं दुकान बंद, किराणा बंद, बेकरी बंद. गावात घंटेशिवाय काही चालू नव्हतं. मी दारं ओढून बघत होते आणि मागून लंगडत आलेल्या बाई एकाएकी बाकावर बसल्या. मला वाटलं चक्कर आली. त्या हसत होत्या.

"काय गो, रविवार विसरलीस!"

"तुम्हाला तरी कुठे आठवला?"

"मला आठवला होता. पण तू इतकं ठासून सांगितलंस, मला वाटलं ऑस्ट्रियाने बदलला असेल."

मग दिवसभर आम्ही दोघी त्याच बाकावर. बॅगेत कुवेतहून आणलेले खुबूस होते, आमच्याकडच्या बेकरीतल्या मोठ्या मैद्याच्या रोट्या, चार दिवसांत पार चिवट झालेल्या. त्यावर लसणाची चटणी. दुपारी एक स्थानिक म्हातारी शेजारी येऊन बसली. बाईंना तिची भाषा येत नव्हती, तिला बाईंची नाही. अर्ध्या तासाने पाहिलं तर दोघींनी एकमेकींना गुडघे दाखवले होते. म्हातारी घरी गेली आणि टॉवेलात बर्फ गुंडाळून घेऊन आली. बाईंनी तिला चटणी दिली. तिने ती चाखली, डोळे पुसले आणि आणखी मागितली.

त्या संध्याकाळची ओव्हर सर्वांत लांब होती. मी त्या गावात एकही ठिकाण पाहिलं नव्हतं. बाईंनी चाळीस मिनिटं सांगितलं. तळ्याचा रंग दिवसात पाच वेळा बदलला, हे मला त्यांच्याकडून कळलं. मी त्यांच्या शेजारीच तर बसले होते.

शेवटची खेप दोन वर्षांपूर्वी, प्रागची. प्लॅटफॉर्मचा नंबर त्या सारख्या मला वाचायला सांगत होत्या. मी वैतागले. "बाई, परत गेल्यावर चष्मा बदला." "बदलते हो," त्या म्हणाल्या. ओव्हरमध्ये त्यांनी पुलावरच्या व्हायोलिनवाल्याचं सांगितलं, भाजलेल्या साखरेच्या वासाचं, पायाखालच्या दगडांचं. मला ती ओव्हर छान वाटली होती.

बाईंना डोळ्यांच्या मागच्या पडद्याचा आजार होता. समोर बघितलं की मधोमध डाग, कडेकडेचं तेवढं दिसायचं. त्यांना प्रागच्या आधीच निदान कळलं होतं आणि त्यांनी मला सांगितलं नव्हतं. पुढचा उन्हाळा कुवेत आणि मुंबईच्या डॉक्टरांत गेला. डिसेंबरात निवृत्त होऊन, रेसिडेन्सी रद्द करून त्या लांज्याला परतल्या. विमानतळावर त्यांनी निळी वही माझ्या हातात दिली. "मला आता वाचता येत नाही, तू ठेव." घरी येऊन उघडली. प्रागच्या पानांवर अक्षर बोटाएवढं झालं होतं, ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. रोज सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजणारी मी, शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला दिसत नाही हे मला दिसलं नव्हतं. त्याबद्दल मी त्यांच्याशी एकदाच बोलले. "तू तिकिटं बघत होतीस," त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

दर शुक्रवारी फोन करते. लांज्याला त्या ठीक आहेत. भाचसून चांगली आहे, चहा वेळेवर, उकळलेला. मे महिन्यात त्यांनी विचारलं, "यंदा कुठे?" मी म्हटलं, "यंदा नाही जमणार." "बरं," त्या म्हणाल्या. बाईंच्या 'बरं'नंतर नेहमी काहीतरी असतं, एखादा टोमणा तरी. त्या दिवशी पुढे काहीच आलं नाही.

फोन ठेवला आणि मी लिस्बनची तिकिटं बघू लागले. त्यांना हवी होती ती ओव्हर, एवढं मला कळतं. मी गेले नाही, तर त्यांचा युरोप प्रागच्या पुलावर संपतो. पण तिकीट काढणं सोपं. बघणार कोण? मघाशी नवऱ्याने फाईलकडे बघून तेच विचारलं. "एकटी जाऊन काय करणार आहेस? तुला तर बघायचा कंटाळा." त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. मी विम्याचा कागद जागेवर लावला, फाईलला रबर घातलं आणि भात टाकायला उठले.

१२ जून, गुरुवार. सकाळी साडेआठला मी व्हिसा केंद्रात होते. काचेपलीकडच्या मुलीने फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. "अलोन?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं, बोटांचे ठसे दिले, पावती घेतली आणि गाडीत येऊन एसी लावला. मग लांज्याला फोन केला.

"ओव्हर देते," मी म्हटलं.

"कुठली गो? अजून गेलीस कुठे तू?"

"व्हिसा केंद्राची. सराव म्हणून."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "दे."

मी दिली. खाणं: यंत्रातली बिस्किटं, एक अडकलेलं. पाणी: थंड, पण कप संपलेले. झोप: तिसऱ्या रांगेतला एक गृहस्थ घोरत होता, त्याचा नंबर पुकारला तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईने त्याला उठवलं. स्वभाव: मुलगी कडक, पण माझी फाईल बघून तिने आधीपेक्षा मऊ आवाज काढला. घोरणाऱ्याचं मी आपणहून सांगितलं. ते मी केव्हा पाहिलं, माझं मलाच आठवेना.

"हं," बाई म्हणाल्या. "भिंती कुठल्या रंगाच्या?"

"...लक्ष नव्हतं."

"आणि संडास?"

"बाई, मी वीस मिनिटांत बाहेर पडले. गेलेच नाही."

"मग अर्धी झाली," त्या म्हणाल्या. आवाज वॉर्डातला होता. "अर्धी ओव्हर मी घेत नाही."

मी गाडी बंद केली आणि फोन कानाला तसाच धरून त्या उन्हातून परत गेले. दारावरच्या पहारेकऱ्याने मला ओळखलं. "मॅडम, कुछ भूल गए?"

"हां," मी म्हटलं, आणि आत जाता जाता भिंतीकडे पाहिलं.

"पिस्त्याच्या रंगाच्या आहेत," मी फोनमध्ये सांगितलं. "खालून हातभर मळलेल्या. थांबा, आता आत चालले आहे."