बारशाच्या दिवशीची मंजुरी

ती घटना आजही आठवते. माझा तेव्हाचा पासवर्ड मात्र आठवत नाही, कारण तो मला कधी पाठच नव्हता. या दोन गोष्टींचा संबंध आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मी तेव्हा लातूर जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती आणि पोट वर्दीच्या चार पावले पुढे चालत होते. आमच्या हद्दीत एक मोठी सरकारी इमारत उभी राहत होती. एका दुपारी तिच्या पोर्चचा स्लॅब भरताना खालचे टेकू सरकले आणि सगळे ओले काँक्रीट खाली आले. वरचे मजूर उड्या मारून वाचले. खाली टेकू तपासत असलेला सेंट्रिंगचा मिस्त्री गाडला गेला. हिमायतनगरकडचा माणूस, तिशीतला. पंचनाम्याच्या वेळी त्याच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला नकाशा निघाला. त्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. मी तो व्यवस्थित जप्त केला आणि व्यवस्थित विसरून गेलो.

आकस्मिक मृत्यूची नोंद झाली. कंपनीचा व्यवस्थापक म्हणाला, "मिस्त्रीनंच टेकू लांब लांब लावले. आमचं दुर्दैव." मेलेला माणूस उलटा जबाब देत नाही, त्यामुळे अशा प्रकरणात पहिला दोषी तोच ठरतो. मीही मान हलवली.

दोन-तीन दिवसांनी ठाणे अंमलदाराने आत येऊन सांगितले, बाईचा फोन आहे, तुम्हालाच मागतेय. आवाज दबलेला होता.

"साहेब, मिस्त्रीची चूक नव्हती. पोर्चची बीम मोठी केली होती, टेकू जवळ जवळ लावायचे होते. नवा नकाशा कंप्युटरात आला होता. साइटवर काम जुन्यावरच झालं."

"कोण बोलताय?"

फोन ठेवला गेला. मी गाडी काढायला सांगितली.

त्या कंपनीत सगळे कागद कंप्युटरात होते. नकाशे, पत्रे, मंजुऱ्या, सगळे. नवा नकाशा आला की ज्याच्या त्याच्या नावापुढे लाल खूण यायची. त्याने आपल्या पासवर्डने आत जायचे, नकाशा उघडायचा आणि 'वाचला, मान्य' दाबायचे. मग खूण हिरवी. व्यवस्थापक मला हे देवदर्शन घडवावे तसे दाखवत होता. बाकीच्या इंजिनिअरांची त्यावर फार भक्ती दिसली नाही. एक जण म्हणाला, "साहेब, ते मुंबईवाल्यांना दाखवायचं कंप्युटर आहे. आपल्याला कागदच बरा. उन्हात दिसतो, त्याच्यावर खूण करता येते, चहा ठेवता येतो." सगळे हसले. कोपऱ्यातल्या टेबलापाशी कागदपत्रे सांभाळणारी बाई बसली होती. तेवढी तीच हसली नाही. हे मी पाहिले, पण माझे लक्ष पडद्यावर होते.

पडद्यावर स्वच्छ लिहिलेले होते. स्लॅबच्या दोन दिवस आधी, जेवणाच्या सुट्टीत, साइट इंजिनिअरने नवा नकाशा उघडून मान्य केला होता. म्हणजे माहीत असून जुन्यावर काम करून घेतले. मला इतका आनंद झाला की मी ठाण्यात येऊन स्वतःच्या पैशाने सगळ्यांना भजी खाऊ घातली. हवालदार म्हणाला, "साहेब, आज काय सण?" मी म्हटले, "साक्षीदार सापडला. न फुटणारा, न घाबरणारा."

साइट इंजिनिअर नांदेडचा, पन्नाशी ओलांडलेला, उन्हाने वाळलेला माणूस. मी त्याला समोर बसवले.

"नवा नकाशा बघितला होता?"

"नाही साहेब."

"मग मान्य कुणी केला?"

तो नखातले सिमेंट काढू लागला.

"पासवर्ड तुझाच ना?"

"माझाच."

"मग कंप्युटर खोटं बोलून राहिला का?"

"कंप्युटर काय बोलणार साहेब. चूक माझी हाय, लिहून घ्या."

तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो होतो. खरा दोषी आधी दुसऱ्याचे नाव घेतो. जो पहिल्या बैठकीत सगळे अंगावर घेतो, त्याच्या मागे कुणीतरी उभे असते. हे मी नव्या पोरांना प्रशिक्षणात शिकवतही असे. त्या दिवशी मात्र मी माझीच शिकवण विसरलो आणि त्याला अटक केली. व्यवस्थापकाने फोन करून माझे अभिनंदन केले. तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता.

मिस्त्रीच्या बायकोचा जबाब घ्यायचा राहिला होता. सकाळीच जीपने नांदेडमार्गे हिमायतनगर गाठले. गावात घराच्या ओसरीवर ती बसली होती. मांडीवर तान्ही पोर. बाजूला सासरा भिंतीला टेकून.

मी काही विचारायच्या आधी तिनेच विचारले, "साहेब, चूक कुनाची लिवलीत? त्येंची तर न्हाई ना?"

"तपास चालू आहे, ताई."

"कंपनीचा मानूस येऊन गेला. म्हनला, तुझ्या नवऱ्यानं काम बिघडवलं, वरचे मजूर पन मेले असते. उद्या ही पोरगी मोठी झाल्यावर लोक तिला तेच सांगतेल का? पैशाचं ऱ्हाऊ द्या. तेवढं लिवू नका."

मी म्हटले, साइट इंजिनिअरला पकडले आहे. मला वाटले, तिला बरे वाटेल. ती एकदम सरळ बसली.

"त्येंला का पकडलं? ते तर लई देवमानूस. बारशाला आलते की आमच्या. हे बघा."

तिने मोबाइल पुढे केला. फोटोत हीच ओसरी. पाळणा बांधलेला, शेजारणींची गर्दी. साइट इंजिनिअर डोक्याला उपरणे बांधून मांडी घालून बसलेला, त्याच्या हातात ही पोर, आणि मागे मिस्त्री दात काढून हसतोय. खाली तारीख आणि वेळ. तीच तारीख, तीच जेवणाची वेळ. तिकडे लातूरजवळच्या साइटवर हा माणूस नकाशा मान्य करत होता आणि इकडे हिमायतनगरात पोरीला मांडीवर घेऊन बसला होता.

मी फोटो पाहत असतानाच माझा फोन वाजला. जिल्हा कार्यालयातून वरिष्ठ बोलत होते आणि आवाज चढलेला होता.

"आज सकाळी तुम्ही चोरीच्या प्रकरणाचा तपास अहवाल पोर्टलवर मंजूर केला. त्यात फिर्यादीलाच आरोपी लिहिलंय. डोळे मिटून काम करता का?"

"साहेब, मी तर सकाळपासून..." म्हणता म्हणता मी थांबलो. ठाण्यात फोन लावला. आमचा हवालदार अगदी निरागसपणे म्हणाला, "साहेब, तुमच्या नावाचं लाल दिसू लागलं होतं. ओरडा बसंल म्हणून मीच हिरवं केलं. नेहमीसारखं."

नेहमीसारखं. माझा पासवर्ड माझ्याच टेबलाच्या काचेखाली चिकटवलेला होता. मी हिमायतनगरात उभा होतो आणि माझी मंजुरी ठाण्यात बसून काम करत होती. ज्या साक्षीदारासाठी मी भजी वाटली होती, त्याची लायकी मला माझ्याच हवालदाराने सांगितली. त्या घरात हसायची सोय नव्हती, नाहीतर मी स्वतःला हसलो असतो.

परत येताना ठाण्यात न जाता थेट साइटच्या कार्यालयात गेलो. कोपऱ्यातली बाई एकटीच होती. अहमदपूरच्या शिंप्याच्या घरातली, घरी आजारी वडील, कमावती ही एकटी. साइटवर सगळे तिला आपा, म्हणजे ताई, म्हणत. मी खुर्ची ओढून बसलो.

"सगळ्यांचे पासवर्ड तुमच्याकडेच असतात ना, आपा?"

तिने पदर सावरला. "हाव साहेब. सगळ्यांचे. मॅनेजर साहेबांचा पण. संध्याकाळपर्यंत एक बी लाल नको, असा त्यांचा हुकूम. इंजिनिअर लोक म्हणतात, आपा, तेवढं करून टाका. मी करून टाकते. छापील प्रत काढून ज्याच्या त्याच्या टेबलावर ठेवते. त्या दिवशी पण ठेवली होती."

"मग?"

"ते दुसऱ्या दिवशी आले ते थेट स्लॅबच्या तयारीला लागले. स्लॅब भरेपर्यंत टेबलाकडे आलेच नाहीत. मी पण विचारलं नाही. कंप्युटरात हिरवं होतं ना."

तिने समोरची फाइल मिटली. मग म्हणाली, "साहेब, फोन मीच केला होता. वाटलं, तुम्ही येऊन मला विचाराल. तुम्ही आलात, माझ्यासमोरून गेलात आणि कंप्युटरला विचारलं."

नोकरीत शिव्या खूप खाल्ल्या. इतकी सौम्य आणि इतकी लागलेली दुसरी नाही.

कोठडीत जाऊन मी इंजिनिअरला फोटो दाखवला. तो फोटोकडे बघत राहिला आणि पहिल्यांदा रडला. "सांगितलं असतं तर बाई आत गेली असती साहेब. तिला करा म्हणणारे आम्हीच. आणि नकाशा टेबलावर होता, हे तर खरंच हाय ना? पोरीच्या बारशाचे पेढे खाऊन आलो अन् तिच्या बापाला त्या टेकूखाली उभं केलं. मी सुटून काय करू?"

मी कायद्याने जे करता येते ते केले. बाईचा जबाब साक्षीदार म्हणून नोंदवला. लाल खुणा संपवायचा हुकूम देणाऱ्या व्यवस्थापकाचे नाव दोषारोपपत्रात घातले. त्याच्या स्वतःच्या मंजुऱ्या तो विमानात बसलेला असतानाही झाल्या होत्या, हे त्यात जोडले. इंजिनिअरचे नाव मला काढता आले नाही. टेबलाकडे न जाणे हाही निष्काळजीपणाच होता. व्यवस्थापकाला लगेच जामीन मिळाला. इंजिनिअरलाही मिळाला, पण तो पुन्हा कुठल्या साइटवर गेला नाही. बाईची नोकरी गेली. खटला चालू असतानाच मी निवृत्त झालो.

दोषारोपपत्र दाखल झाल्यावर मी पुन्हा हिमायतनगरला गेलो. जायची गरज नव्हती. मिस्त्रीच्या बायकोला वाचून दाखवले, की मयताची कोणतीही चूक आढळली नाही. तिने ते वाक्य दोनदा वाचायला लावले. सासऱ्याने भिंतीवरून मान उचलली. मग तिने विचारले,

"साहेब, नवा नकाशा कुनाकुनाला धाडला व्हता?"

मी नावे वाचली. मोठी यादी होती. व्यवस्थापक, सल्लागार, इंजिनिअर, मुंबईतले साहेब.

"आन् ह्येंला?"

त्या यादीत मिस्त्रीचे नाव नव्हते. असण्याची सोयच नव्हती. कंप्युटरात त्याला पासवर्ड नव्हता, त्याच्यापुढे लाल खूण नव्हती, हिरवीही नव्हती. टेकू लावणारा एकटा तो, आणि ज्याला नकाशा पाठवला नाही असाही एकटा तो. त्याच्याकडे होता तो प्लॅस्टिकच्या पिशवीतला, त्याने पेन्सिलीने जपलेला, जुना कागद. मी जप्त करून विसरलेला. त्यातल्या प्रत्येक खुणेवर त्याचा एकेक टेकू अचूक उभा होता.

"नाही," मी म्हटले. तिने पोरीच्या अंगावरचे पांघरूण नीट केले.

हल्ली माझ्या पेन्शनचे काही ना काही मोबाइलवर येत असते. मुलगा म्हणतो, "बाबा, ओटीपी सांगा, मी मान्य करून टाकतो." मी चष्मा काढतो, पुसतो आणि एकेक ओळ वाचायला बसतो. मुलगा वैतागतो. सून आतून म्हणते, "वाचू द्या हो त्यांना, तुमचं काय जातं?"

तिला कारण ठाऊक नाही. मी कधी सांगितले नाही.