मी शिजवलेला मोर

वनखात्यातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी जरा दमानं घ्यावं, पण मी एकदा अख्खा मोर शिजवला आहे. तोही चतुर्थीच्या आदल्या दिवशी, न्हाऊनमाखून, देवाचं नाव घेऊन, वर वासाला तेफळं घालून. आणि ज्यांचा तो मोर होता ते माझे मामेसासरे, म्हणजे जन्मात एकही भेटवस्तू विकत न घेता गेलेला या पृथ्वीतलावरचा एकमेव माणूस.

मामांचं म्हणणं असे, "विकत हाडलेल्या वस्तूक दुकानदाराच्या हाताचो वास येता." त्यामुळे पेडण्यापासून डिचोलीपर्यंत ज्या घरी लग्न, मुंज, बारसं झालं तिथे मामांच्या हातचं काहीतरी आजही धूळ खात असणार: करवंटीचा दिवा, मक्याच्या सालींची बाहुली, नाहीतर काय आहे ते कुणालाच न कळलेलं असं काहीतरी. म्हापशाहून परतताना ते बसमध्ये बसल्याबसल्या माडाच्या पातीचा टोळ विणत आणि उतरताना कंडक्टरच्या खिशाला अडकवून म्हणत, "तुज्या चेडवाक दी." मुलगी सोडाच, कंडक्टरचं लग्न व्हायचं असलं तरी. इस्पितळात कुणाला बघायला गेले की आजाऱ्याच्या आधी सलाईनकडे बघत, कारण त्या नळीचा मासा फार सुबक होतो. एकदा नर्सबाईंनी "बाटली तरी संपूंदी!" म्हणून त्यांना वॉर्डाबाहेर काढलं होतं. आमच्या लग्नात त्यांनी भोकं पाडलेल्या करवंटीचा दिवा दिला. पेटवला की भिंतीवर कमळ उमटेल, म्हणाले. उमटला खेकडा. मी नाक मुरडलं. मला मिक्सर हवा होता.

त्या वेळची मी म्हणजे काय विचारता! म्हापशाची, बी.ए. झालेली, पाककलेच्या वर्गाचं सर्टिफिकेट फ्रेम करून सासरी आणलेली. या गावातल्या लोकांना आता मी जेवायला शिकवणार, अशा थाटात वावरत होते. लग्नानंतरची ती पहिलीच चतुर्थी. गणपतीच्या डोक्यावर आमच्याकडे माटोळी बांधतात; लाकडी चौकटीला नारळ, सुपाऱ्यांचे घोस, भाज्या, रानातली फळं लटकवतात. सगळी बांधून झाली होती, फक्त मधली जागा मोकळी. "ती मामांची," एवढंच सासूबाई म्हणाल्या. मला वाटलं, मामा तिच्याखाली बसत असतील. पण मामा दरवर्षी भाज्यांचं एखादं जनावर करत, कधी हत्ती, कधी मासा, आणि आरतीला आलेला गाव देवाआधी ते बघे.

तर सकाळच्या बसने मामांची टोपली आली. वाकड्या मानेचा दुधी, गुटगुटीत भोपळा, पंख्यासारख्या बांधलेल्या हातभर चवळीच्या शेंगा, कोवळे भेंडे. दुधीला गुंजांचे दोन डोळे चिकटवलेले. कुठल्याही शहाण्या बाईला शंका आली असती. मी "काय बाई हौस!" म्हणत डोळे उपटून फेकले, दुधी चिरला, भोपळा फोडला आणि सगळ्याचं मिळून झकास खतखतं केलं.

दोन वाजता मामा आले. काखेत सुतळी आणि बांबूच्या कामट्या.

"टोपली खंय?"

"धुऊन ठेवलीय, मामा."

"आनी मोर?"

"मोर कुठला? भाजी होती ती. फार छान झालीय, वाढू?"

मामांनी टोपावरचं झाकण काढलं, डाव फिरवला. एक भेंडा वर आला. "हो शेपटेचो," ते म्हणाले.

"अगो, ह्या चेडवान मोर रांदलो!" आतून सासूबाईंनी टाहो फोडला.

मामा सोप्यावर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. यंदा मोर, असं ते गावभर सांगून आले होते. तासाभराने पाठ न वळवताच बोलले, "मारलेस तूं. आतां जिवोय तूंच कर." घरात उरलं होतं अर्धा भोपळा, एक तवसं, म्हणजे मोठी काकडी, आणि केळफूल. संध्याकाळपर्यंत मी चिरत, टोचत, बांधत होते आणि मामा हात न लावता ओरडत होते, "मान ती गो, मुसळ न्हय!"

दुसऱ्या दिवशी माटोळीच्या मधोमध ते लटकलं. आरती संपली आणि गाव वर बघत राहिला.

"मामा, यंदा गिधाड?"

"पोट सुटलेलो कावळो तो!"

मी प्रसादाचं ताट घेऊन दाराआड. आता माझं नाव बाहेर येणार आणि या गावात मी मरेपर्यंत मोर शिजवणारी बाई म्हणून ओळखली जाणार. सासूबाईंनी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मामा मोठ्यांदा म्हणाले, "माझोच तो. हात बसना आतां, वय जालां." वय किती, तर बेचाळीस, आदल्याच दिवशी दुसरीकडे बघत त्यांनी माझ्यासाठी सुई ओवून दिली होती. सासूबाईंनी तोंड मिटलं.

ते गिधाड मामांना वर्षभर पुरलं. बाजारात लोक थांबवून थट्टा करत, आणि पुढच्या चतुर्थीला एरवी बोलावणाऱ्या दोन घरांनी तर त्यांना माटोळीसाठी बोलावलंच नाही.

मामा जाऊन आता तीन पावसाळे झाले. मधली जागा माझ्याकडे आहे. नात फोनवर बघून कर म्हणते. मी सुरी घेऊन बसते, दुधीची मान चुकते, आणि मागून कुणी ओरडत नाही.

त्या गिधाडाच्या वर्षी विसर्जनानंतर मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेले होते. बस वळणावर दिसली तेव्हा कसंबसं विचारलं, "मामा, माझं नाव का नाही सांगितलंत?"

त्यांनी पिशवी काखेत मारली आणि म्हणाले, "अगो, माज्या नावार वीस बरीं जनावरां आसात, तातूंत एक वायट खपता. तुज्या नावार हें एकलेंच आसलें."