तांदळाचा केक

माझ्या धाकट्या बहिणीला गहू सोसत नसे. पुरी खाल्ली की तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगायचं आणि रात्रभर उलट्या. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "गहू बंद करा." आई खुशीत परत आली. आमच्या करडी गावात धानच धान, रोज दोन्ही वेळा भात. गव्हाचं दर्शन फक्त सणाला. पण सणालाच तर सगळी मजा! लग्नाच्या पंगतीत बहीण माझ्या शेजारी बसायची, पुरी पानात पडली की न बघताच उचलून माझ्या पानात टाकायची आणि भात कालवायला लागायची. मी पक्की हावरट, दोघींच्या पुऱ्या चापायची. तिची पुरी माझीच, असा जणू कायदाच होता.

मग एका उन्हाळ्यात नागपूरची मामी आली आणि तिने केक केला. पितळी गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, वैनगंगेची रेती, रेतीवर डबा, गंजावर झाकण आणि झाकणावर निखारे. मैदा, कोको, साखर, लोणी, दही, सोडा. घरभर असा वास सुटला की शेजारच्या काकू दोनदा विस्तव मागायला आल्या. बहीण मात्र कोकोचा डबा नाकाला लावून ओसरीवर बसली होती. मी केकचा घास तोंडात घातला आणि तिच्याकडे पाहिलं. त्या घासाची मजाच गेली. मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, "तुया वाढदिवसाले मी तांदळाच्या पिठाचा केक करतो!" मामी हसली आणि जाताना उरलेला कोको मला देऊन गेली.

बहिणीने ही बातमी शाळेभर केली. वाढदिवस थंडीत यायचा, तोवर वर्गातल्या सगळ्या पोरींना आमंत्रण गेलं होतं. "मी बी केक खानार हाव," असं ती प्रत्येकीला वेगळं सांगायची. 'मी बी' वर जोर.

आदल्या दिवशी मी अर्धा कोको घेऊन रंगीत तालीम केली. मैद्याऐवजी तांदळाचं पीठ, बाकी सगळं मामीसारखं. केक फुगला, रंगही झकास आला. परातीत उलटा केला आणि त्याचा भुगा झाला. गंजातली रेती कोणती आणि परातीतला केक कोणता, ते कळेना. आम्ही दोघींनी तो चमच्याने खाल्ला. बहीण म्हणाली, "गोड हाय. पन याले सुरीनं कापता येईल का वो?" मी म्हटलं, "येईल ना!" आणि कोकोच्या डब्यात डोकावले. आता उरलेला कोको एकाच केकपुरता होता.

दुसऱ्या दिवशी भुगा होऊ नये म्हणून मी काय करणार होते, ते मला स्वतःलाच माहीत नव्हतं. दुधात कोको घालून ते चुलीवर ठेवलं, बाजूला पीठ मोजून ठेवलं आणि दही आणायला शेजारी गेले. परत येते तो आई ते पीठ पातेल्यातल्या उकळत्या दुधात ओतून उलथणं गरागरा फिरवत होती.

"माय! काय करून राहिली तू?"

"उकड काढून राहिली. तू त विसरलीच होती."

"केकाची कोनी उकड काढते का?"

"कच्चं पीठ पोरीच्या पोटात घालतं का मंग? तांदळाचं पीठ हाय ते. उकड नाही त भाकर तरी होते का?"

तिचंही बरोबर होतं. आमच्याकडे तांदळाचं पीठ दिसलं की बाईचा हात आपोआप उकळत्या पाण्याकडे जातो. पातेल्यात चॉकलेटी रंगाचा लगदा खदखदत होता. मला रडू यायला हवं होतं. पण आई त्या लगद्याकडे बघून म्हणाली, "शेणासारखं दिसते वो हे," आणि आम्हाला जे हसू फुटलं! आई हसता हसता चुलीपाशी बसल्या जागीच कलंडली. बाबा धानाच्या खळ्यावरून जेवायला आले, आत डोकावले आणि, "दोघीईले काय चढली काय?" असं विचारून उपाशीच परत गेले.

पोरी यायची वेळ झाली होती. आता मागे फिरायला जागा नव्हती. लगद्यात लोणी, साखर, दही घालून आम्ही आळीपाळीने हात दुखेस्तोवर घोटलं, शेवटी सोडा टाकला, डबा रेतीवर ठेवला आणि वर निखारे. बहीण गंजासमोर उकिडवी बसली ती हलेना. मधूनच विचारायची, "झाला?" कोंबड्या हाकलायची आणि पुन्हा, "झाला?"

खराट्याची धुतलेली काडी खुपसली, ती कोरडी निघाली. मी डोळे मिटून डबा परातीत उलटा केला. मग एकेक करून डोळे उघडले. केक उभा होता! थोडा बुटका, एका बाजूला कललेला, पण अख्खा. सुरी फिरवली तर लोण्यातून जावी तशी गेली. उकडीने पीठ धरून ठेवलं होतं. आई तर अशी ऐटीत उभी राहिली की जणू तिने मुद्दामच केलं होतं.

पोरी ओसरीवर पंगत करून बसल्या. पळसाच्या पानांच्या द्रोणात एकेक तुकडा. बहिणीच्या द्रोणात सगळ्यात मोठा. मी तिच्या शेजारी बसले. तिने तो तुकडा उचलला आणि सवयीने, न बघताच, माझ्या द्रोणात टाकला.

ओसरीवर सगळ्यांचं खाणं चालू होतं. मी तुकडा उचलून तिच्या हातात दिला. "अवं, हे तुयं हाय. यात गहू नाही."

तिने तुकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग एकदम आठवल्यासारखी हसली आणि दोन्ही हातांनी खायला लागली. नाकाला कोको, हनुवटीला कोको. बोटं चाटून झाल्यावर तिने माझ्या द्रोणात डोकावून बघितलं.

"मंग तुया बी दे ना."

मी दिला.