हातांचे फोटो

माझ्या धाकट्या भावानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला. मी सौंसरला शाळेत शिकवते. परीक्षेचे पेपर तपासून झाले, की उन्हाळ्यात रामाकोन्याला सासरी जाते. तिथं माझे मोठे दीर आणि जाऊबाई शेती पाहतात. संत्र्याचा बगीचा आहे, थोडी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी असते. त्या वर्षी मी कॅमेरा गळ्यात अडकवूनच बसमधून उतरले.

गावात फोटो काढणं सोपं जाईल असं मला वाटलं होतं. पण कॅमेरा वर केला, की माणसं हातातलं काम टाकून द्यायची. पुरुष शर्टाच्या गुंड्या लावायचे. बाया आत जाऊन नवं लुगडं नेसून यायच्या आणि भिंतीला टेकून अशा उभ्या राहायच्या, जणू कोणी दटावलं आहे. मी म्हणायचे, "अहो, तुम्ही आधी करत होता तेच करा ना." त्यावर एक शेजारीण म्हणाली, "शेणाचे हात काय पाह्यचे व बाई?"

जाऊबाईंची मात्र वेगळीच तऱ्हा. त्या उभ्याच राहायच्या नाहीत. कॅमेरा दिसला, की पदर तोंडावर घेऊन पाठ फिरवायच्या. घरात लग्नकार्यांचे एवढे फोटो आहेत, पण त्यात त्या कुठं नाहीत. असल्या तर कोणाच्या तरी खांद्यामागं.

चैत्रात आम्ही स्लॅबवर कुरोड्या टाकायला बसलो. पहाटे गव्हाचा चीक शिजवला होता. खाटांवर धुतलेली जुनी लुगडी अंथरून जाऊबाई साचा फिरवत होत्या. हात थांबत नव्हता, एकामागून एक गोल पडत होते, आणि मनगटावरून चीक ओघळत होता. मी हळूच कॅमेरा काढला.

"काढून राहिली का?" त्यांनी वर न पाहताच विचारलं.

"फक्त हात काढते, ताई. तोंड नाही येत त्यात."

"हाताचं काय, काढ मंग."

थोड्या वेळानं त्यांनी आपण होऊनच सांगितलं. लग्नाआधी त्यांचा फोटो एका घरी दाखवायला पाठवला होता. पांढुर्ण्याच्या स्टुडिओत फोटोवाल्यानं हसायला सांगितलं, त्या हसल्या, आणि पुढं आलेला दात दिसला. "फोटो वापस आला. माणसं काही आलीच नाही," त्या म्हणाल्या. "तुह्या भाऊजीच्या घरचे आले ते फोटो न पाहता आले. म्हून झालं लगन." हे सांगून त्या इतक्या मोठ्यानं हसल्या, की साचा बाजूला ठेवावा लागला. मी कॅमेरा उचलला नाही. त्यांना तसं कबूल केलं होतं.

तेव्हापासून मी त्यांचे हातच काढत गेले. बगीच्यात वाळक्या फांद्या छाटणारे हात. हनुमान जयंतीला महाप्रसादासाठी वांगी चिरणारे हात. पंधरा-वीस बाया गोल करून बसल्या होत्या, तरी तेवढे हात मी लगेच ओळखले. नदीच्या रेतीतल्या टरबुजाच्या वाडीत आम्ही दोघी गेलो, तेव्हा टरबूज कानाशी धरून थापटणारे हात. वाडीवाला म्हणाला, "बाई, सारेच गोड हायेत." जाऊबाई म्हणाल्या, "मंग एक फोडून दाखवा." ते फोडलेलं टरबूज, मांडीवर सांडलेला लाल रस आणि त्यातली बोटं, हा फोटो मला अजून सगळ्यांत आवडतो.

वैशाखात पुतणीचं, म्हणजे जाऊबाईंच्या लेकीचं लग्न होतं. तिनं माझ्याकडं हे फोटो पाहिले आणि म्हणाली, "काकू, मांडवात प्लास्टिकची फुलं नको. हे लावू. आईले सांगू नका."

मी सौंसरहून फोटो मोठे करून आणले. मांडवाच्या दिवशी जांभळीच्या डहाळ्या बांधून झाल्या, तशी आम्ही दोघींनी दोरी ताणली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो लावले. गावातल्यांचे होतेच, पण मधोमध सगळे हात होते. जाऊबाई तेव्हा मागच्या अंगणात बुंदी कुठवर आली ते पाहत होत्या.

हळदीला आलेल्या बाया त्या दोरीपाशीच थांबल्या. "हे कोणाचे व?" कोणीतरी विचारलं. जिनं मला शेणाच्या हातांबद्दल विचारलं होतं तीच शेजारीण पुढं झाली. "अव, ह्या आपल्या नवरीच्या मायच्या कुरोड्या. इतक्या बारीक कोण टाकते दुसरं?" मग एकीनं बांगड्या ओळखल्या, एकीनं विळ्याचा अंगठ्यावरचा जुना वण ओळखला. भाऊजी लांब उभे राहून सगळं पाहत होते. ते जवळ आले, टरबुजाच्या फोटोपुढं थांबले आणि उपरण्यानं चष्मा पुसायला लागले.

कोणीतरी जाऊबाईंना ओढून आणलं. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे फोटो पाहिले. लेकीच्या लग्नात चारचौघांत त्या रागावल्या असत्या तर?

"एवढं काम करतो का मी?" त्यांनी विचारलं.

बाया हसायला लागल्या. पुतणीनं ओंजळभर हळद घेतली आणि आईच्या दोन्ही गालांना फासली. जाऊबाईंनी तिला धरलं, तिच्या नाकाला, कपाळाला हळद लावली, आणि तशाच माझ्याकडं वळल्या. "कायची वाट पाहून राहिली? काढ ना आता."

मी काढला. त्या तोंडभर हसत आहेत, आणि हळदीनं डोळे अर्धे मिटलेत. नंतर त्यांनी भाऊजींना शेजारी उभं केलं, मग सगळ्या बायांना, मग आचाऱ्यालाही झाऱ्यासकट बोलावलं. फोटोत मीच नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी पुतणीच्या हातात कॅमेरा दिला. तिच्या हळदीच्या बोटांचे ठसे त्यावर उमटले.

लग्न पार पडलं, पाव्हणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घरच्या बाया मोठी भांडी घेऊन नदीवर गेलो. पाणी जेमतेम पोटरीपर्यंत होतं. भांडी घासून झाल्यावर जाऊबाई लुगड्यासकट पाण्यात बसल्या आणि माझ्यावर पाणी उडवलं. मी कॅमेरा काठावर, कोरड्या परातीत ठेवला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.