दाराच्या डाव्या अंगाला

सिदेमेनच्या खोऱ्यात पहिलं मूल झालं की माणसाचं स्वतःचं नाव मागे पडतं. केतुत त्या दिवसापासून पान रेंती झाला, रेंतीचा बाप. बोळापलीकडच्या घरात दिलेली त्याची थोरली बहीण दर्सनाच्या जन्मानंतर मेन दर्सना झाली, दर्सनाची आई. तिला माहेरच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. तिच्या तोंडी मात्र भाऊ अजून लहानपणचा तुतच होता.

पान रेंतीचं आयुष्य तारा ओढण्यात गेलं. तरुणपणी सहा वर्षं तो दूरच्या सुलावेसी बेटावर होता, जंगल तोडून वसवलेल्या वस्तीत. तिथे एका म्हाताऱ्याकडून तो रेडिओ उघडायला शिकला. परत आल्यावर गावातले रेडिओ, मग टीव्हीचे अँटेना, सभामंडपातले कर्णे, आणि साठी उलटल्यावर वायफाय. कामात तो सावकाश होता, पण पुन्हा बोलवावं लागेल असं काही करत नसे. जमिनीत पुरायच्या तारेला सांधा द्यायचा नाही, हा त्याचा नियम होता. सांध्यात पाणी शिरतं आणि मग खणायला आपणच येतो, एवढंच तो म्हणायचा.

मेन दर्सनाच्या मूत्रपिंडांनी त्या वर्षी हात टेकले होते. पाय सुजून केळीच्या बुंध्यासारखे झाले होते. क्लुंगकुंग शहरातल्या डॉक्टरांनी मशीनवर रक्त धुवायचं सांगितलं. दोनदा जाऊन आल्यावर ती म्हणाली, पुरे. उरलेले दिवस ती ओसरीवर, मागासमोर बसून काढत होती. विणणं होत नसे. हात मागावर ठेवून बसायची.

दर्सना प्रवासी जहाजावर कपडे धुण्याच्या खात्यात होता. गालुंगनच्या सकाळी, पितर घरी येतात त्या दिवशी, त्याचं जहाज दूरच्या एका बंदराला लागणार होतं, तिथून त्याला फोन करता येणार होता. चार तास. त्यानंतर दोन महिने समुद्र. त्या चार तासांत आईला फोनच्या पडद्यावर लेक दिसायला हवा होता, आणि पुढच्या दोन महिन्यांचा भरवसा घरात कुणालाच नव्हता.

खोऱ्यात मोबाईलची रेंज फक्त पुलावर यायची. इंटरनेटची लाइन पान रेंतीच्या घरापर्यंत आली होती. त्याने वायफायचे दोन पांढरे डबे आणले, एक स्वतःच्या बैठकीत ठेवला, दुसरा बहिणीच्या ओसरीवर. डबे एकमेकांशी हवेतून बोलतात. पण मध्ये बोळाच्या दोन्ही बाजूंना काळ्या दगडाच्या हातभर जाड भिंती. मागच्या गालुंगनला दर्सनाचा चेहरा अर्ध्या वाक्यात थिजला आणि तसाच राहिला होता, तोंड उघडं.

"म्बोक, त्यापेक्षा माझ्याकडे चल," तो म्हणाला होता. "खुर्चीत बसवून नेतो."

"नको," थोरली बहीण म्हणाली. "मला उचलून नेलं की पोराला खुर्चीच दिसते. त्याला घर दिसू दे."

म्हणून तार. एका डब्यातून निघून दुसऱ्यात शिरणारी, म्हणजे भिंतींचा प्रश्नच नको. सणाला चार दिवस असताना त्याने स्वतःच्या छपरापासून बांबूवरून तार नेली, बहिणीच्या वेशीवरून, म्हणजे आवाराच्या दगडी दरवाजावरून, ओसरीत उतरवली. तासाभरात काम झालं. हात पुसत तो बहिणीसमोर उभा राहिला.

तिने वर पाहिलं. काळी तार वेशीच्या माथ्यावरून गेली होती.

"तुत, या वेशीतून देवाचं ताट डोक्यावर घेऊन बायका येतात. त्यांच्या डोक्यावर तुझी तार?"

"बारीक तर आहे."

"आणि मी जाणार तीही याच वेशीतून. तिरडी काय वाकवून नेणार आहेस?"

त्याने शिडी पुन्हा वेशीला लावली. इतक्या तारा ओढल्या, पण वेशीवरून काही जाऊ द्यायचं नसतं हे घाईत त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्याने तार उतरवून गुंडाळी केली.

आता जमिनीखालून. बोळाखाली सांडपाण्याची मोरी होती, तिच्या कडेने तार घातलेली नळी सरकवता येत होती. पलीकडे अंगणातून थेट ओसरीपर्यंत चर. त्याने दोरी धरून मोजलं: त्रेचाळीस मीटर. गुंडाळीतही तेवढीच होती, वर हातभर.

सणाच्या आदल्या दिवशी पहाटे वस्तीतल्या पुरुषांबरोबर त्याने मंडपात डुकराचं मांस चिरलं, बहिणीच्या वेशीपाशी सणाचा, शेंड्याला वाकलेला उंच बांबू उभा केला आणि मग पहार घेतली. ओसरीच्या दाराला दोन बाजू. घरातून बाहेर पाहताना उजवीकडे दर्सनाची वार पुरली होती, नारळाच्या करवंटीत. वर दगड, शेजारी केवड्याचं रोप. तिकडे हात लावायचा प्रश्नच नव्हता. डावी बाजू मुलींची. मेन दर्सनाला मुलगी नव्हती. त्याने डावीकडून चर आणला.

रोज भात झाला की मेन दर्सना केळीच्या पानाच्या तुकड्यावर चिमूटभर भात दाराच्या दोन्ही बाजूंना ठेवायची. इतकी वर्षं तो हे बघत आला होता. उजवीकडचा भात लेकासाठी हे त्याला ठाऊक होतं. डावीकडचा भुईसाठी असेल, मुंग्यांसाठी असेल, असं त्याने धरलं होतं. विचारलं कधीच नाही.

ओसरीपासून दोन हातांवर पहार टणकन वाजली. माती बाजूला केली तर गुळगुळीत, गोल, नदीतला दगड. अंगणाच्या तांबड्या मातीत असा दगड आपोआप येत नाही. त्याने त्याच्याखाली पहारेचं टोक घातलं.

"तुत. थांब."

ती मागाला धरून उठायला बघत होती. उठता येत नव्हतं. तो तसाच उकिडवा राहिला.

"तू सुलावेसीला होतास तेव्हाचं," ती म्हणाली. "दर्सनाच्या आधी. मुलगी. बेचाळीस दिवस होती. तिची वार आहे तिथे."

त्याने बोटांनी दगडावरची माती पुसली.

"नाव?"

"नाव एकशेपाचाव्या दिवशी ठेवतात, तुत. तोवर पायसुद्धा जमिनीला लावत नाहीत. तिचे लागलेच नाहीत." तिने हात पुन्हा मागावर ठेवले. "सासू म्हणाली, नावच नाही तर बोलायचं काय. यांनी दगड खाली दाबून बसवला, कुणाला ठेच लागू नये म्हणून."

"दर्सनाला माहीत आहे?"

"कुणी सांगायचं?"

पान रेंतीने पहार अलगद काढून घेतली. दोन्ही हातांनी दगड होता तसा बसवला. मग पुन्हा थोडा वर उचलला, खालची माती दाबून घट्ट केली आणि तो जमिनीच्या वर दिसेल असा ठेवला. बहिणीकडे त्याने पाहिलं नाही. तीही नको म्हणाली नाही.

चर आता घराच्या मागून वळवायला हवा होता. अकरा मीटर जास्त. क्लुंगकुंगचं दुकान बंद, साऱ्या बेटावरची दुकानं बंद. घरात जुन्या तारेचा एक तुकडा होता, पण तो जोडायचा म्हणजे सांधा. त्याने तुकडा हातात घेतला, परत खुंटीला लावला.

मग तो स्वतःच्या घरात गेला आणि बैठकीतला डबा काढला. बाहेरची लाइन खांबावरून आधी स्वयंपाकघराजवळच येत होती, तिथून पुढे बैठकीत. स्वयंपाकघर वेशीला लागून. डबा तिथे ठेवला तर बोळाच्या बाजूला बरोबर बारा मीटर वाचत होते.

"हा इथे?" त्याची बायको चुलीपाशी उभी राहून बघत होती. "आता भात झाला की यालाही वाढू का?"

"वाढ. खातो का बघ."

"बापा, माझ्या खोलीत मग काहीच येणार नाही," रेंती म्हणाली. ती गावच्या शाळेत शिकवायची, रात्री शिकवण्या फोनवर घ्यायची.

"थोडं थोडं येईल."

"थोडं थोडं म्हणजे किती?"

"स्वयंपाकघरात बसून शिकव. आईला मदत होईल."

रेंती हसली नाही. पण नळी सरकवायला तीच मोरीपाशी आली आणि चिखलात गुडघे टेकून दुसऱ्या टोकाने ओढत राहिली.

दिवस कलताना तार ओसरीत पोहोचली. आठ बारीक धागे, प्रत्येकाचा रंग ठरलेला, प्रत्येकाची जागा ठरलेली. त्याचे डोळे आता जवळचं धरत नसत. रंग तो पुटपुटत लावायचा आणि शेवटी चिमट्याने दाबताना श्वास रोखायचा. डब्यावरचा दिवा तांबडा होता. मग पांढरा झाला.

सकाळी दर्सना आला. सगळा आला, कानामागच्या जखमेच्या खुणेसकट. मेन दर्सना आधी नुसती पडद्यावर बोट फिरवत राहिली, तेव्हा चित्र इकडेतिकडे सरकलं आणि तो म्हणाला, "मेमे, हात लावू नकोस, मी पळून जातो." आई हसली. तिने मांस नीट शिजलं नसल्याचं सांगितलं, वेशीजवळच्या बांबूचं, मामाच्या चराचं सांगितलं. चर असा लांबून का नेला, हे त्याने विचारलं.

पान रेंती उठून वेशीबाहेर गेला. बोळात उभा राहिला. आतून बहिणीचा आवाज येत होता, शब्द नाहीत, नुसता आवाज. न अडखळता, बराच वेळ.

त्यानंतरचा गालुंगन तिने पाहिला नाही. तिला वेशीतून सरळ नेलं, कुणाला वाकावं लागलं नाही, वर मोकळं आभाळ होतं.

घर आता बंद असतं. ओसरीवरचा डबा मात्र पान रेंतीने काढलेला नाही. रोज भात झाला की तो पानाचे दोन तुकडे घेऊन बोळ ओलांडतो. जहाज कुठे लागलं की फोन येतो. भाचा आधी माग बघतो, मग केवड्याचं रोप.

"मामा, आता डावीकडे दाखव," तो म्हणतो.

पान रेंती फोन खाली करतो, दगडाजवळ, आणि हात हलू नये म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवतो.