‘तारा तुत्ता’च्या शोधात: एका जपानी रेकॉर्डपायी मालेगाव

आमच्या घरी एक सण असा आहे, जो कुठल्याच कॅलेंडरात छापलेला नसतो. माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे मिलिंदच्या, लाडक्या जपानी बँडची नवी रेकॉर्ड येते तो दिवस. चार केसाळ माणसं, एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं, आणि गिटार अशी की मिक्सरमध्ये चमचा राहिलाय की काय असं वाटावं. याला सायकेडेलिक रॉक म्हणतात हे मला लग्नानंतर कळलं. आधी कळलं असतं तर थोडा विचार केला असता. बँडचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण इतक्या वर्षांत मला ते एकदाही नीट उच्चारता आलेलं नाही आणि चुकलं की मिलिंद दुखावतो. ही मंडळी दरवर्षी एखादा अल्बम काढतात, मोजक्याच प्रती छापतात, आणि त्यातली एक नाशिकला आमच्या फ्लॅटवर येते. मग हा माणूस अंघोळ करून, हात कोरडे करून पार्सल फोडतो. सत्यनारायणाला इतकं सोवळं पाळत नाही.

एका अल्बमची मात्र मी थट्टा करत नाही. आमची लेक सातव्या महिन्यात झाली. ती काचेच्या पेटीत, मी वॉर्डात आणि मिलिंद बाहेरच्या बाकावर. तेव्हा तो कानाला हेडफोन लावून एकच गाणं पुन्हा पुन्हा ऐकत होता. त्यात खूप लांबून एक माणूस खोल आवाजात ओरडतो, ‘ताऽरा तुऽत्ता’. मग सगळं थांबतं. काही क्षण काहीच नाही. मग कुणीतरी काहीतरी पुटपुटतं आणि ठोका पुन्हा सुरू होतो. अल्बमच्या पाठीवर लिहिलं होतं: तारादेवीचा मंत्र, भारतात ध्वनिमुद्रित. अल्बमचं नावही तेच, ‘तारा तुत्ता’. देवाला कधी हात न जोडणारा माझा नवरा तो मंत्र धरून बसला होता. पोरगी तरली, घरी आली, आणि बारशाला दुसरं नाव कुणाच्या तोंडातून निघालंच नाही.

तारा आता सातवीत आहे. ‘माझं नाव जपानच्या रेकॉर्डवरून ठेवलंय, मंत्र आहे तो’ हे ती भेटेल त्याला सांगते. गॅस सिलिंडरवाल्या काकांनाही सांगून झालंय.

तर यंदा हिवाळ्यात बँडने जाहीर केलं की तो अल्बम नव्याने निघतोय. सोबत एक जुना फोटो टाकला: निळा दरवाजा, पत्र्याची शेड, दारात लुंगीतला एक माणूस. खाली लिहिलं होतं की मुंबई-आग्रा रस्त्यावर आमची बस बंद पडली होती, तिथे या साधूंचा मंत्र आम्ही टेप केला, यांचं नाव कुणाला माहीत असेल तर कळवा, नव्या अल्बमवर छापायचंय. मिलिंद खुर्चीतून उठलाच. ‘वैशू, अगं हे आपल्याकडचं आहे!’ मी फोटो पाहिला. साधू कुठल्याच बाजूने साधू वाटत नव्हता. मी तो मालेगावच्या माझ्या मामाला पाठवला. मामाचा सुताचा व्यापार, अख्ख्या गावातले लूमवाले, म्हणजे यंत्रमागवाले, त्याच्या ओळखीचे. चहा प्यायच्या आत त्याचा फोन आला, ‘हाऊ तर आपला शफीकभाई शे! मना वळखना माणूस.’

शनिवारी निघालो. तुम्हाला यंत्रमाग बघायचे असतील तर शुक्रवारी अजिबात जाऊ नका, जुम्म्याला मालेगावातले लूम बंद असतात. सकाळी लवकर निघालं की आग्रा हायवेला ओझरपर्यंतची गर्दी टळते. आम्ही पिंपळगावच्या अलीकडे मिसळ खाल्ली, तर्री वेगळी मागून घ्या, नाहीतर दिवसभर पाणी पीत बसाल. टोल फास्टॅगवर कापला जातो, रस्ता चांगला आहे, पण कांद्याचे ट्रॅक्टर कुठून कधी आडवे येतील याचा भरवसा नाही. चांदवडचा घाट उतरलं की हिरवळ विरळ होते, वारा कोरडा लागतो, आणि अडीच तासांत, म्हणजे आमच्यासारखं रमतगमत गेलं तर, मालेगाव येतं.

गाडीत तो अल्बम चालू होताच. तारा मागच्या सीटवरून विचारत होती, ‘बाबा, ते साधूबाबा मला आशीर्वाद देतील?’ मिलिंद म्हणाला, ‘देतीलच की!’ मी खिडकीबाहेर बघत बसले. मला त्या लुंगीची काळजी वाटत होती.

मामाकडे गेल्या गेल्या आधी जेवण. शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा. मामा म्हणजे मोठा आवाज आणि मोठं ताट. ‘या, या जावईबापू! उशीर कसा काय व्हयना?’ जेवता जेवता मिलिंदने भक्तिभावाने मोबाइलवर गाणं लावलं. मामा घास हातात धरून ऐकत राहिला आणि मला म्हणाला, ‘हाई काय शे वं वैशू? गानं शे का कारखाना?’ मी इतकी हसले की ठसका लागला. मिलिंदने गाणं बंद केलं, त्यामुळे मामाने मंत्राचा भाग ऐकलाच नाही.

गाडी मामाच्या दारात ठेवून, मामाला घेऊन रिक्षाने शफीकभाईंकडे गेलो. मोसम पुलापलीकडच्या त्या गल्ल्यांत गाडी घालायचं धाडस करू नका, समोरून सुताच्या गोणींची हातगाडी आली की दोघांपैकी एकाला मागे जावं लागतं आणि तो एक तुम्हीच असता. लूम दिसायच्या आधी ऐकू येतात. खटखट, खटखट, प्रत्येक घरातून, प्रत्येक शेडमधून. मिलिंद रिक्षातच ताठ बसला. ‘हाच ठोका,’ तो म्हणाला. ‘वैशू, हाच आहे गं.’

निळा दरवाजा आता हिरवा झाला होता. शफीकभाई मात्र तेच होते, दाढी तेवढी पांढरी. आत शिरताना त्यांनी स्वतःहून ताराला ओढणी काढून ठेवायला सांगितली. शेडमध्ये ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या चालत नाहीत, पट्ट्यात अडकतात. आत एकमेकांच्या कानात ओरडून बोलावं लागतं. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन पळणारी ती लाकडी होडी, इकडून तिकडे इतकी जोरात जाते की नजर पोचत नाही. थोडा वेळ बघून आम्ही बाजूच्या खोलीत बसलो. चहा आला, नानकटाई आली.

‘जपानी? हां, याद है ना!’ शफीकभाई घरातही लूमच्या आवाजावर मात करत असल्यासारखेच बोलतात. ‘चार लोग थे. इतके लांब केस, आमची अम्मी म्हणाली, पोरी आल्या. मी समजलो, कंपनीचे इंजिनिअर आहेत. नवीन लूम जपानहून येतात ना! मैंने चाय पिलाया, बिस्कुट दिया, सगळे लूम फिरवून दाखवले. मैं बोला, साहब, ये पुराना माल ले जाओ, नया दे दो. ते मुंडी हलवत राहिले. जाते वक्त झुकून सलाम केला. मग मी दोन साल वाट बघत होतो, नवीन मशीन येईल.’

मामा मांडीवर थाप मारून हसला. इकडे बँडवाले यांना साधू समजत होते आणि तिकडे हे त्यांना इंजिनिअर. मिलिंदलाही हसू आलं. मग त्याने छोटा स्पीकर टेबलावर ठेवला, खिडकी लावली आणि अदबीने म्हणाला, ‘चाचा, तुमचा मंत्र ऐका.’

ठोका सुरू झाला. बँडने टेपचा वेग कमी करून त्यावर घुमारा चढवलाय, हे मला माहीत होतं. शफीकभाई मान तिरकी करून ऐकत होते. ‘ताऽरा तुऽत्ता’ आलं आणि ते मोठ्यांदा हसले. मिलिंदने गाणं तिथेच थांबवलं.

‘अरे, मंतर कैसा! मैं चिल्ला रहा हूँ. तार टूटा! तार टूटा!’

मामाने लगेच ‘हा ना, तार टूटा!’ म्हणून री ओढली. आपण ज्याला धागा म्हणतो, ताण्याचा उभा धागा, त्याला लूमवाले तार म्हणतात. तो तुटला की ओरडायचं, म्हणजे कुणीतरी दांडी ओढून लूम बंद करतं. गल्लीतल्या प्रत्येक शेडमध्ये दिवसातून कितीतरी वेळा हा ‘मंत्र’ होतो. मिलिंदने तेवढाच तुकडा पुन्हा लावून थांबवला, आणि एकदा कळल्यावर आम्हालाही त्यात दुसरं काही ऐकूच येईना.

मिलिंदचा चेहरा उतरला. हसतोय असं दाखवत होता, पण मी त्याला ओळखते. तो मनाने दवाखान्यातल्या त्या बाकावर परत जाऊन बसला होता. पोरगी आत काचेत, आणि आपण मंत्र म्हणून काय ऐकत होतो, तर तार टूटा. आणि तेच नाव तिला ठेवलं! हे सगळं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मलाही ते अशुभ वाटलं, खोटं कशाला बोलू? मी अशा गोष्टी मानत नाही. तरी वाटलं.

‘म्हणजे माझं नाव मंत्र नाहीये?’ तारा म्हणाली. ‘म्हणजे काहीतरी तुटलं, असं आहे?’

मिलिंदने स्पीकर उचलायला हात पुढे केला, तर शफीकभाईंनी तो धरला. ‘रुको ना. आगे सुनो, पूरा तो सुनो.’

मिलिंदने पुढे लावलं. सगळं थांबलं, नेहमीसारखं. मग ते पुटपुटणं. शफीकभाईंनी बोट वर केलं. ‘ये मेरा छोटा भाई, रफीक. काय बोलला, सुना? जोड दिया. तो जोडून हाळी देतो, तब मैं चालू करता हूँ.’

ठोका सुरू झाला.

मिलिंदने पुन्हा मागे घेऊन लावलं. तार टूटा. शांतता. जोड दिया. ठोका. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तो रडत होता, मामासमोर, शफीकभाईंसमोर, अगदी उघड. मीही पदर शोधत होते आणि अंगात जीन्स होती.

शफीकभाईंना काही कळेना. मग मी त्यांना दवाखान्याचं सगळं सांगितलं. ते ताराकडे वळून म्हणाले, ‘चल बेटी.’ शेडमध्ये एका लूमवर तार तुटलीच होती. त्यांनी दोन टोकं चिमटीत धरून गाठ कशी मारायची ते दाखवलं. ताराची पहिली गाठ सुटली, दुसरी सुटली, तिसरी राहिली. त्यांनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि आमची शाळेत हळू बोलते म्हणून तक्रार असलेली पोरगी त्या गदारोळात केवढ्यांदा ओरडली, ‘जोड दियाऽऽ!’ लूम सुरू झाला.

निघताना मिलिंदने विचारलं, ‘चाचा, अल्बमवर तुमचं नाव छापायचंय. कसं लिहू?’

‘मेरा क्या लिखते हो,’ ते म्हणाले. ‘मैं तो सिर्फ चिल्लाया. जोडलं रफीकने. उसका लिखो. सूरतला असतो आता.’ बऱ्याच आग्रहानंतर दोघांचं लिहा म्हणाले, पण रफीकचं आधी.

परतीला चांदवडला चहाला थांबलो. मिलिंद बँडला ईमेल लिहीत होता आणि अडला होता. ‘खरं सांगितलं तर त्यांना नाव बदलावं लागेल.’

‘कुणाचं?’ ताराने विचारलं. ‘अल्बमचं बदलू देत. माझं नाही.’

घरी येऊन काही महिने झाले. मालेगावला लोक किल्ला बघायला जातात, तुम्हीही जा. आमचा राहिला. आमच्याबरोबर आला तो लूमचा आवाज, दोन दिवस कानातून गेला नाही. आणि मी त्या बँडला नावं ठेवायची कमी केलीत, बंद नाही.

गेल्या आठवड्यात पार्सल आलं. मिलिंदने अंघोळ केली, हात कोरडे केले. मुखपृष्ठावर तो निळा दरवाजा, पाठीवर देवनागरीत दोन नावं, रफीक आणि शफीक. अल्बमचं नावही बदललंय, आता ते दोन ओळींत आहे, एक तुटल्याची, एक जोडल्याची. आम्ही रेकॉर्ड लावली. तारा टेबलावर गणितं सोडवत होती. ‘तार टूटा’ आलं, सगळं थांबलं. त्या शांततेत आजवर डोळे मिटून बसणारा मिलिंद या वेळी डोळे उघडे ठेवून लेकीकडे बघत होता.

तिने वहीतून मान वर न करता म्हटलं, ‘जोड दिया.’

आणि ठोका सुरू झाला.